कापडावरचा उरलेला तुकडा

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. गजर वाजायच्या आधीच ती उठून बसलेली असे, आणि तो वाजला की घड्याळाच्या डोक्यावर थाप मारून म्हणे, "उशीर झाला तुला." लग्न झाल्यापासून हा एकच विनोद ती करत आली होती आणि नवरा पांघरुणाच्या आतून त्याला हुंकार देत आला होता. पुढे त्याला हुंकार देणंही जमेनासं झालं, तेव्हा तिने गजर लावणं सोडून दिलं. उठायची वेळ मात्र तीच राहिली.

पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत बरंच उरकायचं असे. पाणी भरायचं, नवऱ्याला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, चमच्याचमच्याने चहा पाजायचा. मग नणंदेला उठवून दिवसभराची औषधं समजावून सांगायची. नणंद नवऱ्याहून मोठी, बिनलग्नाची, जिभेने तिखट आणि कामाला वाघ. ती रोज म्हणे, "काल सांगितलंस, परवाही सांगितलंस. मी काय तुझ्या कारखान्यातला बोल्ट आहे का, रोज तपासायला?" तरीही ही रोज सांगेच.

कारखाना नट-बोल्टांचा होता. आधी ती खोकी भरायला होती. हात नेमका आहे हे पाहून तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. गेजला, म्हणजे बोल्ट तपासायच्या मापाला, दोन कडी असतात. एका कड्यात बोल्ट शिरला पाहिजे, दुसऱ्यात शिरता कामा नये. काम एवढंच. पण ते दिवसभर, प्रत्येक नगाला पहिल्या नगाइतकं लक्ष देऊन करायचं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळतं. मान आखडते, बोटांचे शेंडे बधिर होतात, डोळे मिटले तरी समोरून बोल्ट सरकत राहतात. तिने केसाएवढा फरक कधी सोडला नाही. कारखान्यात तिचं नाव पडलं नापासबाई. तोंडावर सगळे ताई म्हणत.

लग्नही त्या टेबलावरच ठरलं म्हणायचं. नवरा तिथेच लेथवर टर्नर होता. तिने त्याची अख्खी पेटी नापास करून परत पाठवली. तो तणतणत आला, स्वतः मोजून पाहिलं, एक अक्षर न बोलता पेटी उचलून गेला. दुसऱ्या दिवशी पेटी परत आली तेव्हा एकाही नगाला नाव ठेवायला जागा नव्हती. "तेव्हाच म्हटलं, हा माणूस चालेल," असं ती सांगे. नवरा म्हणे, "चालेल एवढंच. पास झालो असं अजून कुणी म्हटलेलं नाही."

त्याची एकच चैन होती. ब्रिटिश बनावटीची, एका सिलिंडरची जुनी मोटारसायकल. भंगारात निघालेली ती गाडी त्याने उचलून आणली आणि तिचा स्क्रू न् स्क्रू हाताखालून काढून रस्त्यावर आणली. सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्यावरून गावाबाहेर जात. एकदा खड्ड्यात गाडी उडाली, तिचा उजवा पाय तापलेल्या सायलेन्सरला टेकला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा डाग कायमचा राहिला. त्यानंतरही ती बसत असे, पण अंग चोरून. पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिने मागे बसणं सोडलंच. तो निघताना हाक मारी, "येतेस का?" ती आतूनच म्हणे, "तुमची गाडी चावते मला." मग तो एकटाच चक्कर मारून येई.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुसरं राज्य होतं. एक छोटा जुना लेथ, भिंतीवर कानशी, आणि इंजिन उघडलं की जमिनीवर अंथरायचं पांढरं कापड. सुटलेला प्रत्येक भाग कापडावर सुटलेल्या क्रमाने मांडायचा. जो शेवटी निघाला तो सगळ्यात आतला. जोडताना त्या टोकापासून उचलायला सुरुवात करायची. कापडावर इंजिनाशिवाय काही ठेवायचं नाही, पानासुद्धा नाही. एकदा तिने तिथे चहाचा कप टेकवला, तर त्याने अर्धा दिवस अबोला धरला होता. नणंद त्या शेडमध्ये पाऊल टाकत नसे. तेलाच्या वासाने तिचं डोकं उठे.

निवृत्त झाल्यावर त्याला वेळच वेळ झाला. इंजिन जरा ठोके मारायला लागलं होतं म्हणून त्याने ते उघडलं, नव्या रिंगा आणून ठेवल्या. आणि एका सकाळी, ती कामावर असताना, तो शेडमध्ये कोसळला. धप्प असा आवाज ऐकून नणंद धावली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले की जपा, दुसरा झटका आला तर यातून निभावणार नाहीत.

त्याचं अंथरूण रस्त्याकडच्या खिडकीपाशी खाटेवर घातलं होतं. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की बाहेरून मोटारसायकल गेली की त्याची मान वळते. आवाज पार विरेपर्यंत तो तसाच राही. कुठलीही फडफडी जाऊ दे, तो कान देऊन ऐके, आणि मग मान पुन्हा सरळ होई.

तिने मनाशी ठरवलं. ते इंजिन जोडायचं, गाडी या खिडकीखाली आणायची आणि त्याला तिचा आवाज ऐकवायचा. त्याच्या आधी दुसरा झटका येऊ द्यायचा नाही. आपल्या हातात नसलेली गोष्टही तिने कामासारखी अंगावर घेतली.

जोडायला आला बारक्या. नाव बारक्या आणि देह असा की शेडच्या दारातून आडवं वळून शिरावं लागे. कोपऱ्यावर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नवऱ्याला तो उस्ताद म्हणे आणि तिला वहिनी. आल्याआल्या त्याने कापड पाहिलं आणि खूश झाला. सगळं जागच्या जागी, क्रमाने. "हे तर आंधळासुद्धा जोडेल," म्हणाला आणि रांगेच्या शेवटच्या टोकाशी उकिडवा बसला. तिथेच त्याचा हात थांबला.

टोकाला एक तुकडा होता. अंगठ्याएवढी जाड पोलादी नळी, लांबीला दोन बोटं. एका टोकाला पायरी काढून जरा बारीक केलेली, आतून आरशासारखी गुळगुळीत. बारक्याने ती उलटी केली, सुलटी केली, फुंकली, दिव्यापुढे धरली.

"वहिनी, हे काय आहे?"

तिने तुकडा हातात घेतला. काय आहे ते तिला माहीत नव्हतं, पण कुणी केलं ते बोट फिरवताच कळलं. कड मोडायची, म्हणजे तिची धार घालवायची, त्याची एक पद्धत होती. नख फिरवलं तर नख अडकत नसे आणि कड मोडलेली दिसतही नसे. हा हात त्याचाच होता. तिने तसं सांगितल्यावर बारक्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आतला कुठलातरी भाग झिजला असणार, उस्तादांनी नवा करून ठेवला आणि जुना फेकला. तो कुठला एवढंच शोधायचं. टोकाला ठेवला आहे म्हणजे सगळ्यात आतला, सगळ्यात आधी बसवायचा. तो बसल्याशिवाय पुढचं काहीच उचलता येणार नव्हतं.

एका गोष्टीचं तिला नवल वाटलं. पायरीच्या उलट बाजूची कड नुसती मोडलेली नव्हती. ती गोल केली होती, घासून घासून गोटीसारखी मऊ केली होती. त्याला बराच वेळ लागला असणार. हा माणूस कानशीचा एक फेरा फुकट मारत नसे. इंजिनाच्या पोटात, तेलात आणि अंधारात, एवढी मऊ कड कुणासाठी?

बारक्या रोज दुकान बंद करून येई आणि आत जिथे म्हणून नळी बसू शकेल तिथे तिथे बसवून पाही. कुठे ढिली होई, कुठे शिरेचना. व्हर्नियर तिच्या हातात असे. ती माप घेई आणि म्हणे, "नाही." बारक्या दुसरी जागा शोधी, ती पुन्हा म्हणे, "नाही." शेवटी तो म्हणाला की वहिनी, कारखान्यात लोक तुम्हाला काय म्हणतात ते मला आज समजलं.

सुट्टीच्या दिवशी ती तुकडा रुमालात बांधून जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेली. तिथे एक म्हातारा दुकानदार होता, दोरीने बांधलेला चष्मा लावणारा. त्या गाडीचं चित्रांचं पुस्तक त्याच्याकडे होतं. एकेक भाग सुटा करून काढलेली चित्रं. त्याने इंजिनाची सगळी पानं तिच्यासमोर उलटली. प्रत्येक चित्राशेजारी तो नळी उभी करी, ती माप सांगे, तो मान हलवी. पानं संपली.

"बाई, हा इंजिनाचाच आहे ना?" त्याने विचारलं.

"कापडावर होता," ती म्हणाली.

कापड म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, पण तिच्या आवाजात शंकेला जागा नव्हती. त्याने पुस्तक मिटलं.

नवऱ्यालाही तिने दाखवला होता, पहिल्याच आठवड्यात. कामावरून आल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, हा कुठला? त्याने तुकड्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली गेली, पार जमिनीपर्यंत, आणि तिथेच राहिली. गळ्यातून घोगरा आवाज निघाला. डावा हात सरकत सरकत अंथरुणाच्या कडेला आला आणि कडेखाली चाचपडू लागला. तिला वाटलं, भांडं हवं आहे. तिने भांडं आणलं. त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. तुकड्याकडे बघायचं, तिच्याकडे बघायचं, आणि नजर खाली टाकायची. नणंद दारात उभी होती. तिथून तिला भावाचा चेहरा तेवढा दिसत होता. तिला बघवेना.

"नको दाखवत जाऊस त्याला," ती म्हणाली. "आठवत नाही म्हणून मान खाली घालतोय. शाळेत बाकावर उभं केल्यासारखं करतेस तू त्याला."

तिलाही तसंच वाटत होतं. ज्याला त्या गाडीचा बारीकसारीक भाग पाठ, त्याला स्वतःच्या हाताने केलेली वस्तू ओळखता येऊ नये, याची त्याला लाज वाटत असणार. त्या दिवसापासून तिने तुकडा त्याच्यापुढे नेला नाही. तो तिच्या कामाच्या डगल्याच्या खिशात राहू लागला. जेवणाच्या सुट्टीत ती जुन्या टर्नरांना दाखवी. प्रत्येक जण काहीतरी वेगळं सांगे. तिथल्या तिथे मोजलं की ते खोटं ठरे.

एका संध्याकाळी बारक्याने हात टेकले. हात पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तसंच बंद करू का? तुकडा बाहेर ठेवून. एकदा फक्त सुरू करू, उस्तादांना ऐकवू. मग पुढचं पुढे."

तिने विचार केला. खरंच केला. मग म्हणाली, "एक नग कमी असलेली पेटी मी आजवर बाहेर सोडलेली नाही. आणि त्यांच्या गाडीला सोडू? पहिल्याच किकला आतल्या आत सगळं फुटलं, तर ते त्यांना ऐकवायचं का?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कुठलाही चांगला कारागीर हेच म्हणाला असता.

दुसरा झटका दिवसाउजेडी आला, ती टेबलावर असताना. मुकादमाने येऊन सांगितलं, ताई, घरून निरोप आहे. ती उठली आणि चालत निघाली, मग धावली. घरी पोचली तेव्हा नणंद भावाच्या उशाशी बसून होती आणि खिडकी बंद केलेली होती. गेज अजून तिच्या मुठीत होतं. ते कुठे ठेवायचं ते तिला सुचेना, म्हणून बराच वेळ ती ते धरूनच बसली.

त्यानंतर ती पुन्हा कामावर जाऊ लागली. उठणं तेच, भोंगा तोच. फक्त पहाटे हातांना काम उरलं नव्हतं. ती चहा करी आणि खिडकीपाशी उभी राहून पिई. नणंद आता टोमणे मारत नसे. घरात ते सगळ्यात जास्त लागे.

काही आठवडे गेल्यावर बारक्या आला. दारात चुळबुळत उभा राहिला. इंजिन उघडं पडलंय, गंज धरेल, काय करायचं? ती म्हणाली, "बंद करा."

"आणि तो तुकडा?"

"राहू दे बाहेर. आता बिघडलं तर बिघडलं."

त्याने कापडावरून भाग उचलायला सुरुवात केली. एकेक भाग आपापल्या जागी असा बसत गेला, जणू वाट बघत होता. कुठे पोकळी राहिली नाही, कुठे फट दिसली नाही. रविवारी दुपारी त्याने गाडी शेडबाहेर आणली, पेट्रोल घातलं आणि किक मारली. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्या किकला सुरू झाली.

आवाज गल्लीभर गेला. तो धडधड असा जाड, सावकाश आवाज, मधे श्वास घेतल्यासारखा. ठोका नाही, खरखर नाही. तेल जिथून यायचं तिथून येत होतं. बारक्या गुडघ्यावर बसून इंजिनाच्या चेंबरला कान लावून ऐकत राहिला. ती कामाचा डगला घालून शेडच्या खांबाला टेकून उभी होती. गाडी चालतच राहिली.

बारक्या उठला आणि एका पालथ्या खोक्यावर बसला. एवढा मोठा माणूस, पण कुणीतरी हवा काढून घेतल्यासारखा दिसत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "त्यात काही कमी नव्हतंच."

बोलण्यासारखं जे होतं ते ती गाडीच बोलत होती. काही महिन्यांमागे, कुठल्याही संध्याकाळी, त्या खिडकीखाली हेच होऊ शकलं असतं.

बारक्याला तिथे बसवेना. एक चक्कर मारून बघतो, म्हणाला. मग अडखळत म्हणाला, बसता का मागे? ती नको म्हणाली. नणंद मागच्या दारात येऊन उभी होती. तेलाचा वास आला तरी आत गेली नव्हती. ती म्हणाली, "बस. तो किती हाका मारायचा तुला." म्हणून ती बसली.

कित्येक वर्षांनी बसत होती. डावा पाय फूटरेस्टवर टेकला. उजवा टेकला आणि आपोआप बाहेर वळला. टाच बाहेर, घोटा सायलेन्सरपासून लांब, मांडी ताणलेली. पायाने जुनी सवय सोडली नव्हती. गाडी जरा पुढे गेली आणि ती म्हणाली, "थांबा."

बारक्याला वाटलं, तिला चक्कर आली. ती उतरली, गाडीच्या उजव्या बाजूला खाली बसली. फूटरेस्ट एका बोल्टने पट्टीला जोडलेली होती, आणि पट्टीला लागूनच सायलेन्सर जात होता. तिने खिशातून तुकडा काढला. बारक्याला बोल्ट काढायला सांगितलं. का, असं त्याने विचारलं नाही. बोल्ट निघाला, फूटरेस्ट सुटली. तिने नळीची पायरी पट्टीच्या भोकात टेकवली. ती आत गेली आणि बसली. तिने बोटाने हलवून पाहिली. हलत नव्हती. पुढे फूटरेस्ट धरून पाहिली. ती सायलेन्सरपासून दोन बोटं बाहेर आली होती.

पाय तिथे ठेवला तर घोटा कशालाच लागणार नव्हता. फार तर त्या नळीच्या बाहेरच्या कडेला लागला असता, आणि ती कड गोटीसारखी मऊ होती.

बारक्या म्हणाला, "हे तर इंजिनाचं नव्हतंच."

ती जमिनीवरच बसून राहिली. तिला ती नजर आठवली, खाली जाणारी, जमिनीपर्यंत. तिथे जमीन नव्हती. तिथे तिचा पाय होता. अंथरुणाच्या कडेवरून खाली चाचपडणारा तो हातही तिथेच जायला बघत होता. तो विसरला नव्हता, लाजलाही नव्हता. ती विचारत होती आणि तो दर वेळी, जेवढं उरलं होतं तेवढ्यानिशी, बरोबर उत्तर देत होता. तिने दर वेळी नापास केलं.

नणंद जवळ आली. तुकड्याकडे वाकून बघत म्हणाली, "हा होय? हा त्याच्या मुठीत होता, पडला तेव्हा. मूठ उघडून काढावा लागला. हरवायला नको म्हणून मीच त्या कापडावर ठेवला, टोकाला जागा होती तिथे."

बारक्याने मान दुसरीकडे वळवली. नणंद दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "का? काही चुकलं का माझं?"

ती उठली, हात डगल्याला पुसले. म्हातारीच्या डोळ्यांत इतकी भीती तिने कधी पाहिली नव्हती.

"नाही, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलात म्हणून तर राहिला."

रात्री नणंदेला झोप लागल्यावर ती रडली की नाही, ते कुणाला माहीत नाही. पहाटे मात्र वेळेवर उठली.

एक काम अजून राहिलं होतं. मधे नळी घातल्यावर जुना बोल्ट आखूड पडत होता. लांब बोल्ट हवा, आणि त्याचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे. ते माप तिच्या कारखान्यात निघत नव्हतं, बाजारातही मिळेना. नवऱ्याने तो बोल्ट नंतर करायचा म्हणून ठेवला असणार. त्याच महिन्याअखेरीस ती निवृत्त झाली. कारखान्यात टेबलाभोवती सगळे जमले, कुणीतरी म्हणालं की आता आम्ही सगळे पास. ती हसली. शेवटचा पगार घेतला आणि घरी न जाता गल्लीतल्या लेथवाल्याकडे गेली.

तो तिला ओळखत होता. एका बोल्टाचे पैसे तुमच्याकडून कसले घ्यायचे, म्हणाला. तिने सांगितलं की फुकटचं काम मला नापास करता येणार नाही, पैसे घ्या आणि नीट करा. त्याने केला. तिने घरून आणलेल्या जुन्या नटात तो फिरवून पाहिला आणि परत दिला. आट्यांत ढिला होता. त्याने कपाळाला हात लावला, पण दुसरा केला. तो शेवटपर्यंत एकसारखा गेला, कुठे अडला नाही, कुठे डगमगला नाही.

संध्याकाळी शेडमध्ये तिने स्वतः पाना लावून तो आवळला. मग स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर चढून मागच्या सीटवर बसली. पुढची सीट रिकामी होती. इंजिन थंड होतं. तिने उजवा पाय फूटरेस्टवर ठेवला, सरळ, न वळवता, आणि अंधार पडेपर्यंत तसाच ठेवला.

आयुष्यभर तिच्या हाताखालून बोल्ट गेले. विकत घेतलेला हा एकच. शेवटच्या पगाराची पहिली नोट त्याच्यावर मोडली.